वर्षाला एकशे ब्याण्णव युनिट

विश्रामबागच्या दुकानात माझं काम
फ्रिज उतरवायचे, दारं पुसायची
आणि गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हायचं.
बोलायचं काम सन्मतीचं.
मालकाचा मुलगा, पुण्याहून शिकून आलाय.
म्हणतो, दस्तगीरभाई,
हे सरकारी ताऱ्यांचे कागद आता कशाला?
सगळीच मशिनं चांगली निघतात हल्ली,
ज्याला बघायचं तो फोनवर बघतो.

मी काही बोलत नाही.
बावीस वर्षं फ्रिजच्या पाठीमागं बसलोय.
पुढून सगळेच नवरदेव.
कॉम्प्रेसरवर तळहात ठेवला की कळतं
कोण रात्रभर धापा टाकणार
आणि कोण शहाण्यासारखा झोपणार.
पण गिऱ्हाइकाला पाठीमागं कोण जाऊ देतंय?

परवा कवठेपिरानच्या छबुताई लोंढे आल्या,
अंगणवाडीत मदतनीस. फोन बटणांचा.
रंग बघितला नाही,
बर्फाचा कप्पा उघडला नाही,
बोट थेट कागदावर.
एक, दोन, तीन.
शेजारच्यावर पाच.
"ह्ये दोन तारं जास्तीचं, त्येचं काय पडतंय?"
सन्मती म्हणाला, तीन हजार आठशे.
"त्ये न्हवं. बिलात काय पडतंय?"

सन्मती खिशातला फोन काढेपर्यंत
ताईंनी ताऱ्यांखालचा आकडा वाचला,
वर्षाला एकशे ब्याण्णव युनिट.
मग तीन ताऱ्यांचा, दोनशे चौसष्ट.
ओठ हलले, हातचा घेतला,
बहात्तर युनिटांचे रुपये पेरांवर उतरले.
"साडेसहा वरसं," म्हणाल्या,
"म्हंजी सातव्यात फिटतंय बगा.
खरं माझ्याकडं आज तीन हजार न्हाईत."

तीन ताऱ्यांचा नेला, हप्त्यावर.
टेम्पोत चढवताना मला म्हणाल्या,
"म्हैन्याला पन्नासभर रुपये जास्ती जाणार माझं.
जाऊ देत. म्हाईत हाय न्हवं!"

गोदामात मागच्या सालचा एक उभा आहे.
आला तेव्हा पाच तारे होते.
वर दिल्लीत कुणी माप कडक केलं,
त्या मापानं तो आता चारचा.
जागचा हलला नाही, ओरखडा नाही,
नुसता उभ्या उभ्या उतरला.
हे घरी सांगितलं तर शमीम म्हणाली,
तुमचंही तसंच.

आणि त्याच दिवशी, उन्हं कलताना,
कुपवाडचे एक साहेब.
चार खोल्या भाड्यानं देणार, चार फ्रिज हवेत.
सगळ्यात स्वस्त कुठला? एका ताऱ्याचा.
सन्मतीनं सहज विचारलं, बिल कोण भरणार?
"राहील तो भरेल की."
पैसे रोख मोजले.
जाता जाता माझ्याकडं वळून,
"ते स्टिकर तेवढे काढून ठेवा,
दार कसं स्वच्छ दिसायला पाहिजे."

सन्मती माझ्याकडं बघत होता.
मी त्याच्याकडं बघितलं नाही.

रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
केस वाळवायच्या मशिनची गरम हवा दिली
की गोंद मऊ होतो,
कागद न फाटता येतो, सालीसारखा.
चारही आले.
दारं स्वच्छ झाली, अगदी साहेबांसारखी.

मग एकेक फ्रिज उघडला.
भाजीचा कप्पा बाहेर काढला.
त्याच्या खाली, तळाला,
जिथं कोथिंबिरीची काडी कुजून चिकटते
आणि जागा सोडताना किंवा पहिल्या दिवाळीला
कुणीतरी फडकं घेऊन वाकतंच,
तिथं कागद लावला.
एक तारा. आकडा वरच्या बाजूला.
कोण असेल, माहीत नाही.
मिरजेच्या दवाखान्यातली एखादी नर्स,
एमआयडीसीत रात्रपाळी करणारा पोरगा.
बिल हातात घेऊन एवढं कसं आलं म्हणणारं कुणी.

सन्मती मागं येऊन उभा होता, कधीपासून कोण जाणे.
काही म्हणाला नाही.
चौथ्याच्या वेळी टॉर्च धरला.

कोपरे अंगठ्यानं दाबून घेतले,
ओल लागून सुटू नयेत म्हणून.